लिलावातले लाकूड आणि जुनी रंधा मशीन



आपल्यापैकी काहींनी वर्तमानपत्रातली कात्रणे पाठवली. कुठे बँकेने ताब्यात घेतलेल्या कारखान्याच्या यंत्रांचा लिलाव, कुठे वनखात्याच्या आगारातल्या सागाचा. सोबत एक ओळ असते : ‘अकोल्याच्या सुतारशाळेला स्वस्तात मिळेल, अवश्य बघा.’ आम्ही बघतो. पण बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो, आणि आम्ही टाळाटाळ करतो असे काहींना वाटते. म्हणून आपल्या देणगीचा पैसा लिलावात कुठे वाचतो आणि कुठे बुडतो, ते या अंकात सांगतो.

आधी लाकडाचे. आपल्या भागात सगळ्यांत साधा लिलाव ग्रामपंचायतीचा. तळ्याकाठच्या बाभळी, वठलेला आंबा, पाडलेल्या शाळाखोलीच्या तुळया असे काहीबाही असते. फळ्यावर सूचना लागते, अनामत भरायची आणि चार माणसांत बोली बोलायची. बाभळीला शहरात कोणी विचारत नाही, पण कुऱ्हाडीचे दांडे, औताचे भाग, खाटेचे पाय यांना तिच्यासारखे लाकूड नाही. आमची मुले पहिला हात बाभळीवरच बसवतात. दुसरा मार्ग जुन्या वाड्यांचा. संगमनेर, जुन्नर, नाशिककडे वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया आणि खांब विकायला निघतात. जुना साग चांगला वाळलेला असतो, मात्र आत दडलेला एक खिळा मशीनचे पाते खराब करायला पुरतो. म्हणून आमचे शिक्षक लोहचुंबक बरोबर नेतात.

खरा मोठा माल वनखात्याच्या आणि वनविकास महामंडळाच्या विक्री आगारांत. तिथे ओंडके लांबी, गोलाई आणि प्रतीप्रमाणे लावून ढिगांना क्रमांक दिलेले असतात. हल्ली बरीच विक्री ई-लिलावाने होते, बोली मोबाइलवरून लावता येते. त्यामुळे माल न बघता बोलणारेही वाढले आहेत. तसे कधी करू नये. ओंडक्याच्या दोन्ही टोकांच्या भेगा बघाव्या, कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून आवाज ऐकावा. भरीव लाकूड ठणठणते, पोकळ ओंडका बद्द बोलतो. साल वळत गेली असेल तर आतले तंतूही पिळलेले असतात, आणि असली फळी पहिल्या पावसात वाकते. बाहेरचा फिकट थर किती जाड आहे तेही बघावे, कारण सागाचा टिकाऊपणा आतल्या गाभ्यात आहे, त्या थराला कीड लवकर लागते.

आता मोजमाप. इथे नवखा माणूस हमखास फसतो. गोल लाकडाचे व्यापारी माप असे काढतात : मधोमध गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. ओंडका 3 मीटर लांब आणि गोलाई 1 मीटर असेल, तर चौथा भाग 0.25 मीटर आणि माप 0.1875 घनमीटर, म्हणजे सुमारे 6.6 घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात जवळपास 0.24 घनमीटर लाकूड असते. आपल्याला जास्त मिळाले असे वाटते ना? पण कापताना बाहेरची सालफळी, करवतीचा भुसा, भेगा आणि गाठी जाऊन सरळ फळ्या खऱ्या घनफळाच्या साधारण निम्म्याच निघतात, म्हणजे चार घनफुटांच्या आसपास. सहा घनफुटांचे पैसे मोजायचे आणि फळ्या चार घनफूट घरी आणायच्या. त्यावर कर, भराई, ट्रकभाडे, कापणावळ. ओला माल असेल तर वाळवण्याचा काळ वेगळाच. सुतारांचा जुना ठोकताळा इंच जाडीला एक वर्ष असा आहे, आणि राजूर-भंडारदऱ्याकडच्या पावसात तोही कमीच पडतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी छपराखाली रचावी, टोकांना रंग फासावा. त्यामुळे आम्ही खरेदी उन्हाळ्याच्या तोंडालाच उरकतो.

आगारातल्या ढिगांबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. त्यांतले काही लाकूड सरकारी जंगलातले नसतेच, ते आदिवासी शेतकऱ्याच्या मालकीच्या बांधावरचे असते. पूर्वी ठेकेदार वाडीवर येऊन मिठाच्या, कपड्याच्या उधारीवर साग उभाच्या उभा तोडून नेत. म्हणून 1969 साली महाराष्ट्राने अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीसाठी स्वतंत्र कायदा केला. आता असा शेतकरी आपली झाडे परस्पर व्यापाऱ्याला विकू शकत नाही. विक्री वनखात्यामार्फत होते, आणि तोड-वाहतुकीचा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम त्याच्या हाती येते. म्हणजे लिलावात जो भाव पडतो, त्यावर एखाद्या महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाचे मुलीचे लग्न किंवा विहीर अवलंबून असते. चार व्यापारी आधी ठरवून आले, एकाने बोलायचे आणि तिघांनी गप्प बसायचे, की तो भाव पडतो. म्हणून मालकीच्या ढिगावर आम्ही वाजवी किमतीपर्यंत नेटाने बोली लावतो. तिथे माल फार स्वस्त मिळाला तर आनंद मानायला माझे मन धजत नाही.

हा प्रश्न 1969 चाही नाही. स्वातंत्र्यापूर्वी जंगलातले तोडीचे भाग, ज्यांना कूप म्हणत, ते लिलावाने ठेकेदारांना जात आणि तोडणारा आदिवासी मजुरीतही नागवला जाई. तीसच्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या पिळवणुकीचे वर्णन आहे. पुढे बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, 1947 पासून, जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. कूप लिलावात न चढवता कामगारांच्या संस्थेला द्यायचे, अशी ती कल्पना.

लाकूड घेतल्यावर कागद सांभाळावेत. ओंडक्यावर हातोड्याचा ठसा आणि गाडीत वाहतूक परवाना नसेल, तर नाक्यावर माल अडतो, मग पावती खरी असली तरी दोन दिवस जातात. वाडीवर कुणी ‘परवान्याची कटकट नको, रात्री आणून टाकतो’ म्हणून साग देऊ करतो. स्वस्त असतो, पण तो आम्ही घेत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कडेला राहून असा माल घेणे म्हणजे मुलांना चोरीच शिकवणे.

यंत्रांच्या लिलावात नोटिशीतली एक ओळ सर्वांत महत्त्वाची : ‘जसे आहे, जेथे आहे’. म्हणजे नंतर तक्रार चालणार नाही आणि उचलून नेण्याचा खर्चही आपला. चार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निर्लेखित साहित्याच्या लिलावात आम्ही रंधा मशीन 21,000 रुपयांना घेतली. ट्रक आणि क्रेनला 4,500 गेले, मोटर जळालेली निघाली तिचे 9,000, बेअरिंग आणि पात्यांना 6,500. एकूण 41,000 झाले. मग हिरव्या रंगाखाली ओतीव टेबलाला आडवा तडा दिसला. तो आधी दिसला असता, पण मी नखाने रंग खरवडून बघितला नव्हता. चूक माझी होती.

तेव्हापासून शिक्षक सरळ पट्टी, टॉर्च आणि एक पान्हा नेतात. पट्टी टेबलावर तिरकी ठेवून फटीतून उजेड दिसतो का ते बघतात. शाफ्ट हाताने वरखाली हलवतात, जरा खेळला तरी बेअरिंग गेले. मग कटरचा ब्लॉक. जुन्या काही मशीनवर तो चौकोनी असतो. त्याच्या कडेत बोट अडकले तर खोलवर जाते. गोल ब्लॉकला फट कमी, म्हणून इजाही कमी. चौकोनी ब्लॉकची मशीन फुकट मिळाली तरी आम्ही शाळेत ठेवत नाही. सोळा-सतरा वर्षांची मुले त्यावर हात चालवणार असतात. संरक्षक झाकणे तर लिलावाच्या मालात बहुधा हरवलेलीच असतात, त्यांचा खर्च आधीच धरावा.

विजेचाही विचार करावा. कारखान्यातल्या मोटरी थ्री फेजच्या. वाडीवर मात्र घरांना सिंगल फेज असते आणि थ्री फेज शेतीपंपांच्या पाळीने येते. स्वस्तात मिळालेली मोठी मशीन कधी रात्री बाराला चालवणार? आणि ओंडके कापायची आरा मशीन कितीही स्वस्त असो, तिला वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशानंतर त्याबाबत बरीच कडकाई आली. त्यामुळे ओंडके आम्ही परवानाधारक गिरणीत कापून घेतो, मुलांना फळीपासून पुढचे काम शिकवतो.

बोलीला जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही तिघे बसून वरची मर्यादा कागदावर लिहितो आणि सह्या करतो. मैदानात समोरचा पाचशेने वाढवतो तेव्हा मन म्हणते, एवढ्याने काय होते. तेव्हा तो कागद खिशातून काढतो. मागच्या वेळी मर्यादा 900 रुपयांनी ओलांडली जात होती, मशीन सोडून आलो.

सध्या शाळेला सिंगल फेजवर चालणारी, गोल ब्लॉकची लहान रंधा मशीन आणि चांगल्या स्थितीतला लाकडी लेथ हवा आहे. आपल्या ओळखीत कुणाचे वर्कशॉप बंद होत असेल, तर लिलावाची वाट न बघता आधी आम्हाला कळवा. बघायला शिक्षक टॉर्च घेऊन येतील.