नगरचा पॅटन आणि इस्रायलचा टिरान

पुणेकर रणगाडाप्रेमींनो, अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम चुकवू नका! जेमतेम 120 किलोमीटर. 1965 च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानी पॅटन तिथे आहे.

असे पॅटन आपण मुख्यतः विजयचिन्हं म्हणून जपले. त्यांची तोफ 90 मिमी, सुटे भाग अमेरिकी. तेव्हा आपल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडे होते ब्रिटिश सेंच्युरियन, त्यांची तोफ 84 मिमी. म्हणजे दारूगोळाही वेगळा, मग पॅटन वापरणार कसे?

इस्रायलने मात्र 1967 मध्ये अरब सैन्यांचे सोव्हिएत टी-54, टी-55 पकडून ‘टिरान’ नावाने स्वतःच्या सैन्यात घेतले. पुढे अनेकांवर 105 मिमीची तोफ बसवली आणि टी-55 च्याच सांगाड्यावर ‘अखझारीत’ हे सैनिकवाहू चिलखती वाहन घडवलं. शत्रूचं यंत्र इतकं पुरेपूर वापरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी दिसत नाही.