मुक्त आज्ञावलीसाठी भाषा कोणती?

समजा, धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा येथील एका शाळेत पर्जन्यमापक बसविला आहे आणि मुले रोज सकाळी पावसाची नोंद वहीत करतात. कोणत्या महिन्यात किती पाऊस पडला, सलग किती दिवस कोरडे गेले, हे त्या नोंदींवरून काढणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तुम्हांला लिहायची आहे. आणि ती मुक्त ठेवायची आहे. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे. कोणीही ती वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी, तीत बदल करावा आणि बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी मोकळीक असली पाहिजे. मग ती लिहायची कोणत्या संगणकभाषेत?

तुम्ही म्हणाल, सर्वांत वेगवान भाषेत. सी भाषेतील संहितेचे कंपायलर आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवतो. पायथन भाषेत मात्र आज्ञावली चालू असतानाच एकेका आज्ञेचा अर्थ लावला जातो. म्हणून तेच गणित करायला पायथनला कित्येक पट वेळ लागतो. पण आपले गणित ते केवढे! पन्नास वर्षांच्या नोंदी झाल्या तरी सुमारे १८,२५० आकडे. त्यांची बेरीज साधा संगणकही दोन्ही भाषांत डोळ्याचे पाते लवायच्या आत करील.

खरी अडचण वेगळीच आहे. दहावी झाली की तुम्ही शाळा सोडाल. पुढे पर्जन्यमापक बदलला, नोंदीची पद्धत बदलली, तर आज्ञावलीत दुरुस्ती कोण करणार? तेव्हा नववीत असलेल्या मुलीला तुमची संहिता वाचताच आली नाही, तर बदल करण्याची मोकळीक कागदावरच राहिली. म्हणून ती भाषा शिकायला सोपी आहे का, आणि शाळेतल्या सरांना किंवा बाईंना ती येते का, हे आधी पाहावे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली, तेव्हा तिच्यासाठी मुख्यतः सी भाषा निवडली गेली. ती युनिक्स यंत्रांवर सर्वत्र होती आणि पुष्कळांना येत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण.

भाषा स्वतः मुक्त आहे ना, हेही पाहावे लागते. सन कंपनीची जावा भाषेची प्रणाली पूर्वी मुक्त नव्हती. तुमची आज्ञावली मुक्त, पण ती चालविणारे यंत्र दुसऱ्याच्या कुलपात, अशी ती गत! स्टॉलमन यांनी २००४ मध्ये या सापळ्याविषयी इशारा दिला होता. पुढे २००६ च्या अखेरीस सनने जावा मुक्त करण्यास प्रारंभ केला. सी आणि पायथन यांची मुक्त साधने मिळतात, त्यामुळे आपल्याला ती चिंता नाही.

प्रचंड आकडेमोड असेल तर काय? तर दोन भाषांची सांगड घालता येते. मुंबईच्या आय. आय. टी.तील वैमानिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेली 'मायावी' ही मुक्त आज्ञावली शास्त्रीय आकड्यांची त्रिमितीय चित्रे काढते. तिच्यातले जड काम सी++ मध्ये लिहिलेला 'व्हीटीके' हा संच करतो. वापरणाऱ्याशी बोलणारा वरचा भाग पायथनमध्ये आहे. बहुतेकांना बदल करावासा वाटतो तो वरच्याच भागात.

राहिला आपल्या लिपीचा प्रश्न. तो मला सर्वांत गमतीचा वाटतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. 'पाऊस' या शब्दाची लांबी सी भाषेतील नेहमीच्या स्ट्रलेन या आज्ञेला विचारा. ती १२ सांगेल, कारण ती बाइट मोजते. पायथन ३ ला विचारा. उत्तर येईल ४, कारण तेथे प, काना, ऊ आणि स ही चिन्हे वेगवेगळी मोजली जातात. आपण मात्र पा, ऊ, स अशी तीनच अक्षरे मोजतो! शिवाय पायथन ३ मध्ये चलाचे नावही 'पाऊस' असे देवनागरीत ठेवता येते. गावांची आणि महिन्यांची नावे मराठीत लिहायची असतील, तर पायथनचे पारडे येथे जड होते.

आता 'येरमाळा' हा शब्द घ्या आणि तिन्ही उत्तरे आधी कागदावर काढा. मग संगणकावर ताळा करून पाहा.