न झालेल्या गोलाचं श्रेय: बचावपटू आणि प्रशिक्षक डेरिक परेरा



तत्त्वज्ञान शिकवण्यात उमर घालवलेला माणूस भोरला येऊन फुटबॉलवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय मला. प्रश्न रास्त आहे. आपल्या भोर-वेल्ह्यात खेळ म्हटलं की आधी कबड्डी आठवते. फुटबॉल टीव्हीवर बघायचा. तरीही आज मी एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यात आपल्या दर्शनांमधला एक जुना प्रश्न जिवंत सापडतो. प्रश्न असा की, जी गोष्ट घडू दिली नाही तिचं श्रेय कसं मोजायचं आणि कोणाला द्यायचं?

या माणसाचं नाव डेरिक परेरा. गोव्याचे. आधी बचावपटू, भारताकडूनही खेळलेले. नंतर प्रशिक्षक. आणि प्रशिक्षक म्हणून त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षं मुंबईत आणि आपल्या पुण्यात गेली.

बचावपटू म्हणजे नेमकं काय करतो?

फुटबॉलमध्ये अकरा जण असतात. एक गोलरक्षक, त्याच्यापुढे साधारण चार जणांची बचावफळी, मग मध्यफळी आणि पुढे आघाडीवीर. बचावफळीत मधोमध उभा राहतो त्याला जुने लोक ‘स्टॉपर’ म्हणायचे. थांबवणारा. परेरा या जागेवर खेळायचे. गोव्याच्या साळगावकर क्लबने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन करंडक जिंकला, तो त्यांच्या खेळण्याचा काळ.

आता स्टॉपरचं काम बघा. समोरच्या आघाडीवीराला नव्वद मिनिटांत एकदा यश मिळालं तरी तो नायक ठरतो. स्टॉपरचं एकोणनव्वद मिनिटं सगळं बरोबर झालं आणि एकदा पाऊल चुकलं, तर दुसऱ्या दिवशी फोटो त्याचा येतो, तोही खाली मान घातलेला. या जागेचा हिशेबच असा वाकडा आहे.

दुसरं म्हणजे हे काम एकट्याने होत नाही. ऑफसाइडचा नियम घ्या. सोप्या भाषेत सांगतो. पुढे पास दिला जातो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात, आघाडीवीर चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेवर असतो. तिथून त्याने खेळात भाग घेतला की शिट्टी वाजते. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षकच असतो, म्हणजे सीमा ठरते ती बचावफळीच्या जागेवरून. म्हणून चौघेही एका दोरीत पुढे सरकतात आणि आघाडीवीराला मागे उघडा पाडतात. चौघांतला एक जण अर्धं पाऊल मागे राहिला की सापळा मोडला. त्यामुळे चांगला स्टॉपर सतत बोलत असतो. “वर चल”, “त्याला सोड”, “मागून आला बघ”. सगळं मैदान त्याच्या समोर असतं. आघाडीवीर मात्र गोलकडे पाठ करून चेंडूची वाट बघत असतो.

अभावाला भेटूया

इथे मी माझ्या विषयाकडे वळतो. वैशेषिक दर्शनात जगातल्या पदार्थांची यादी केलेली आहे. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. हे सहा. पुढच्या आचार्यांनी त्यात सातवा पदार्थ धरला, अभाव. म्हणजे ‘नसणं’ हीसुद्धा जगातली एक खरी गोष्ट आहे, नुसती मनाची कल्पना नव्हे, असं त्यांनी ठामपणे मांडलं. प्राभाकर मीमांसकांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यावर शतकानुशतकं वाद झाला.

या अभावाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन आज आपल्या कामाचे. पहिला प्रागभाव. वस्तू तयार होण्याआधी तिचं जे नसणं असतं ते. कुंभाराने घडा घडवण्याआधी घड्याचा प्रागभाव असतो. घडा झाला की तो संपतो. दुसरा प्रध्वंसाभाव. घडा फुटल्यानंतरचं त्याचं नसणं. याला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेला तोच घडा परत येत नाही.

आता मैदानावर या. सामना सुरू होतो तेव्हा शून्य-शून्य असतं, म्हणजे गोलाचा प्रागभाव आहे. आघाडीवीराचं काम तो संपवायचं. बचावपटूचं काम तो नव्वद मिनिटं टिकवायचं. रूपक म्हणून घ्या, नैयायिक माझ्यावर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

पण खरी मेख पुढे आहे. न्यायशास्त्र म्हणतं, प्रत्येक अभाव हा कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला ‘प्रतियोगी’ म्हणतात. ‘जमिनीवर घडा नाही’ हे कळायला आधी घडा म्हणजे काय ते ठाऊक हवं. ज्याने घडा पाहिलाच नाही, त्याला रिकामी जमीन दिसेल, घड्याचं नसणं दिसणार नाही.

बचावपटूचं काम आपल्याला दिसत नाही याचं कारण नेमकं हेच. कुठला गोल शिजत होता हे ज्याला कळतं, त्यालाच तो टळलेला दिसतो. बाकीच्यांना दिसतं ते एवढंच की, चेंडू बाहेर गेला आणि काही झालं नाही.

कबड्डी जास्त न्यायी आहे

इथे आपल्या कबड्डीचं कौतुक करायला हवं. चढाई करणारा गडी बाद केला की गुण मिळतो. पकडीचा आकडा फलकावर लागतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर ‘सुपर टॅकल’, म्हणजे एक गुण वरकड. गावोगावच्या स्पर्धांमध्ये उत्कृष्ट चढाईबरोबर उत्कृष्ट पकडीचंही बक्षीस असतं. कोपऱ्यावरच्या पोराला तो विजयी चषक उचलतो तेव्हा कोणी विचारत नाही की, तू केलंस काय?

फुटबॉलमध्ये अशी सोय नाही. बर्फावरच्या हॉकीने मात्र एक प्रयत्न केलाय. हा खेळ आपल्याकडे हिवाळ्यात लडाखमध्ये खेळतात. त्यात प्रत्येक खेळाडूचा ‘अधिक-उणे’ असा हिशेब ठेवतात. दोन्ही संघांचे गडी सारखे असताना, तुम्ही बर्फावर आहात तेव्हा आपल्या संघाचा गोल झाला तर अधिक एक, समोरच्यांचा झाला तर उणे एक. म्हणजे नुसतं तुमचं असणं मोजलं जातं. कॅनडाचा लॅरी रॉबिन्सन हा बचावपटू या हिशेबात फार वर गेला. खेळाडू म्हणून मॉन्ट्रियलकडून त्याने सहा वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. पुढे न्यू जर्सी संघाने मोसम संपत आला असताना त्याला मुख्य प्रशिक्षक केलं आणि २००० मध्ये त्याने तोच चषक प्रशिक्षक म्हणून जिंकून दाखवला.

स्टॉपरचा प्रशिक्षक होतो तेव्हा

सगळे बचावपटू चांगले प्रशिक्षक होतात असं मी म्हणणार नाही. योहान क्रायफ आघाडीवर खेळायचा आणि प्रशिक्षक म्हणूनही थोर ठरला. पण बचावपटूला एक शिक्षण आपोआप मिळालेलं असतं. जे अजून घडलेलं नाही ते पाहायचं आणि दुसऱ्याला वेळेत सांगायचं. प्रशिक्षकाला रेषेबाहेर उभं राहून हेच करायचं असतं, फक्त स्वतःचा पाय मध्ये घालता येत नाही.

परेरा मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षक होते तेव्हा या संघाने २००५ चा फेडरेशन करंडक जिंकला आणि २००५-०६ च्या मोसमात राष्ट्रीय लीगचं विजेतेपदही. याचं वजन समजून घ्या. १९९६ मध्ये सुरू झालेली ही लीग पहिल्या वर्षी पंजाबच्या जेसीटीने जिंकली. त्यानंतर ती कोलकाता आणि गोवा यांच्याबाहेर गेलीच नव्हती. महाराष्ट्रातल्या संघाने ती पहिल्यांदाच आणली.

२००९ मध्ये ते पुण्यात आले. पुणे एफसी हा क्लब अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये सुरू केलेला, घरचं मैदान बालेवाडी. २००९-१० हा त्यांचा आय-लीगमधला, म्हणजे सर्वोच्च गटातला पहिला मोसम. त्या पहिल्याच वर्षी संघ तिसरा आला. २०१२-१३ मध्ये उपविजेता, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. ज्या पुण्यात लोकांना क्रिकेटपुढे दुसरं काही दिसत नाही, त्या पुण्यात चार वर्षांत हे उभं राहिलं.

पुढे ते साळगावकरला गेले, मग पुण्यातच डीएसके शिवाजीयन्सला आले. भारताच्या तेवीस वर्षांखालच्या संघाचं काम २०१९ मध्ये पाहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचा स्पॅनिश प्रशिक्षक मोसमाच्या मध्येच दुसरीकडे गेला, तेव्हा त्या जागी यांनाच उभं केलं. पडलेली बाजू सावरायला स्टॉपरलाच हाक मारली, असं म्हणा ना.

प्रध्वंसाभाव

आता दुसऱ्या अभावाकडे येतो, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद करण्यात आला. राष्ट्रीय विजेतेपदाला चारच वर्षं झाली होती. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला. एका शहरातले तीन व्यावसायिक क्लब चार वर्षांत गेले.

यांपैकी एकही क्लब मैदानावर हरून संपला नाही. मालकांची गणितं बदलली. मैदानावरचा धोका स्टॉपर आधी ओळखतो, पण संचालकांच्या बैठकीत त्याला ऑफसाइडचा सापळा लावता येत नाही. खेळाडूंचे करार, पोरांची वसतिगृहं, शनिवारी बालेवाडीला जाणाऱ्यांची सवय हे सगळं त्या बैठकीत संपतं. फुटलेला घडा परत येत नाही, तसंच.

मग उरतं काय? माणसं उरतात. पुणे एफसीची अकादमी एफसी पुणे सिटीने पुढे चालवली होती. क्लब गेला तरी काही काळ मुलं घडत राहिली. आणि बचावपटूंची परंपरा उरते. गोव्याचेच महेश गवळी बघा. ईस्ट बंगाल, महिंद्रा युनायटेड, धेंपो असे खेळलेले, भारताच्या बचावफळीचे वर्षानुवर्षं आधार. पुढे ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळून बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात रेषेवर गवळी उभे होते. लेबननशी शून्य-शून्य, पेनल्टीवर विजय. ४ जुलैला बंगळुरूत कुवेतशी एक-एक, पुन्हा पेनल्टीवर ५-४ असा विजय. त्या संध्याकाळची दोन नावं लोकांच्या लक्षात राहिली, कर्णधार सुनील छेत्री आणि शेवटची पेनल्टी अडवणारा गुरप्रीतसिंग संधू. गवळींचं नाव किती जणांना आठवतं?

आपल्या गावातले स्टॉपर

मंडळी, बचावाचं मोल या मुलखाला कोणी शिकवायला नको. राजगडाची संजीवनी माची तुम्ही पाहिली आहे. तिथे एका तटाला चिकटून दुसरा तट आहे, चिलखतासारखा. बाहेरचा पडला तरी आतला उभा. बांधणाऱ्याने न आलेला हल्ला मनात पाहिला होता, प्रतियोगी त्याला ठाऊक होता.

पण आजच्या आज आपण काय करतो? पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद केला की आपण कुरकुरतो. महाडला जायचा खोळंबा होतो, हे खरंच. घाटात दरड कोसळली आणि खाली गाडी नव्हती, याची बातमी मात्र छापून येत नाही. गावच्या टाकीत वेळेवर क्लोरीन टाकणारा माणूस, उन्हातान्हात वाड्या-वस्त्यांवर जाऊन बाळांना लस मिळेल असं बघणारी आशाताई, भाटघरच्या दरवाजांवर रात्री जागणारा कर्मचारी, हे सगळे स्टॉपर आहेत. त्यांचं काम बिनचूक झालं की आपल्याला काहीच दिसत नाही. काही दिसत नाही म्हणून पगार थकतो, पद रिकामं राहतं, आणि एक दिवस साथ आली की चौकशी त्यांचीच होते.

परेरांना निदान तक्त्यातले क्रमांक मिळाले, करंडक मिळाले. या लोकांसाठी तक्ताच नाही. तो आपण करू शकतो. ग्रामसभेत वर्षाचा अहवाल वाचतात, काय काय बांधलं त्याची यादी येते. यंदा एक साधा प्रश्न विचारून बघा: गेल्या वर्षी आपल्या गावात काय घडलं नाही, आणि ते कोणामुळे घडलं नाही? उत्तर द्यायला सभेला थोडा वेळ लागेल. लागू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊया.