कातडीच्या वाटेने औषध

औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोळी, काढा किंवा सुई येते. चौथी वाट आपल्या घरोघरी जुनीच आहे, ती म्हणजे लेपाची. परंतु उगाळलेल्या लेपातले औषध किती आत गेले, हे सांगणार कोण? आजचा आमचा विषय या मापाचाच आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. पण तो पक्की भिंत आहे. मृत पेशी या तिच्या विटा आणि स्निग्ध द्रव्य हा तिचा चुना. साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा लहान व काहीसे स्निग्धप्रिय रेणूच तीतून झिरपतात. तंबाखूतील निकोटिनाचा रेणू १६२चा, म्हणून तो जातो. इन्शुलिनाचा सुमारे ५,८००चा, म्हणून तो अडतो.

स्कोपोलामिन हे द्रव्य आपल्या धोतऱ्यातही असते. धोतऱ्याच्या पानात ते किती उतरेल याचा नेम नसतो, म्हणून धोतरा विष ठरतो. तेच द्रव्य पट्टीत मोजून बसवले, कानामागे लावले, आणि तीन दिवसांत सुमारे एक मिलिग्रॅम शरीरात जाऊ दिले, की प्रवासातली मळमळ थांबते. अशा पट्टीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. द्रव्य एकच, फरक मापाचा!

हे माप अधिक बारीक साधावे म्हणून लेसरचा उपयोग करून पाहतात. वनस्पतींतील पुष्कळ रेणू उष्णतेने बिघडतात. म्हणून औषधाचे द्रावण गोठवून निर्वात पात्रात ठेवतात व त्यावर लेसरचे क्षणिक झोत सोडतात. बरीचशी उष्णता द्रावक शोषतो, वाफ होऊन उडतो आणि औषधाचे रेणू बरोबर नेतो. द्रावक पंपाने ओढला जातो. रेणू समोरच्या पृष्ठावर पापुद्र्यासारखे बसतात. झोत मोजले की जाडी मोजली. ही रीत अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत १९९०नंतरच्या दशकात निघाली. रुमानियातील संशोधकांनी २०१४ साली दालचिनीचे तेल धरलेले लोह-ऑक्साइडाचे कण असेच पोटात अन्न घालण्याच्या नळीवर बसवले, हेतू हा की जंतूंनी तेथे घर करू नये.

तथापि एक गोष्ट विसरू नये. लेसरने पापुद्रा नेटका बसतो. कातडीची भिंत त्याने मोडत नाही. मोठा रेणू बाहेरच राहील. शिवाय निर्वात पात्राचे काम खर्चाचे व थोड्या जागेपुरतेच असते.

आणि ‘झाडपाल्याचे, म्हणजे निरुपद्रवी’ हा समज सोडावा. औषधाची पट्टी वैद्यांना न विचारता कापू नये, तिला शेक देऊ नये. वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या टाकलेल्या पट्ट्या हाती लागून अमेरिकेत लहान मुले दगावली आहेत. म्हणून अशी पट्टी चिकट बाजू आत घेऊन मिटावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.