रुळाची जबानी

9 जून 2025, सोमवार. सकाळचे नऊ वाजून गेलेले. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर सीएसएमटीकडे निघालेली लोकल आणि समोरून येणारी लोकल शेजारून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि तेरा जण खाली पडले. चौघांचा जीव त्याच दिवशी गेला. त्या चौघांत लोहमार्ग पोलिसांचा एक शिपाईही होता.

खोपट-चरईतले आम्ही ठाण्याला ज्या लोकलमध्ये खांदा घुसवून चढतो, ती याच वळणावरून भरून आलेली असते. त्यामुळे पुढचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. पंचनामा होतो, त्यात जवळच्या खांबावरचा किलोमीटर क्रमांक लिहितात, अपमृत्यूची नोंद होते. कारण ठरलेलं: गर्दीत तोल जाऊन पडला. नातेवाईक कळव्याच्या हॉस्पिटलबाहेर ताटकळतात आणि फाइल मिटते. दोष मेलेल्याचा, आणि तो काही उलट बोलायला येत नाही.

याही वेळी सुरुवात अपमृत्यूच्या नोंदीनेच झाली. पण एक गोष्ट जुळत नव्हती. गर्दी रोजची, लटकणंही रोजचं, वळणही जुनंच. मग त्याच सकाळी, त्याच जागी इतके जण एकदम कसे पडले?

रूळ मोजणं हे काही हवालदाराचं काम नव्हे. लोहमार्ग पोलिसांनी माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेतल्या तज्ज्ञांची मदत घेतली आणि जबाब माणसांऐवजी लोखंडाचा घ्यायचं ठरलं. त्यातून जे निघालं, ते गुन्ह्याच्या नोंदीत आलं: तिथला रूळ काहीच दिवस आधी बदलला होता, सांध्याचं वेल्डिंग राहिलं होतं, आणि रुळांच्या उंचीत फरक होता.

उंचीतला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. म्हणून हिशेब करून बघा. आपल्याकडे दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलीमीटर. एक बाजू समजा फक्त 10 मिलीमीटर खाली गेली, तर रुळापासून 3 मीटर उंचीवर, म्हणजे दारात उभ्या माणसाच्या डोक्याच्या आसपास, डबा साधारण 18 मिलीमीटर बाजूला कलतो. हे गाडी उभी असताना. धावत्या गाडीला सांध्यावर दणका बसला की डबा झोकांडी खातो, ती वेगळीच. आणि लटकलेल्या माणसाचं अंग तर आधीच डब्याबाहेर असतं.

1 नोव्हेंबर 2025 रोजी ठाणे लोहमार्ग पोलिस ठाण्यात निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, त्यात रेल्वेच्या दोन अभियंत्यांची नावं होती. रेल्वेचं म्हणणं वेगळं होतं: दारातल्या एका प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेचा धक्का लागला. 6 नोव्हेंबरला, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, गुन्ह्याच्या निषेधार्थ कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला लोकल अडवल्या. खोळंबलेले प्रवासी उतरून रुळांवरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलच्या धडकेत दोघं गेले.

खरं कोणाचं, ते न्यायालय ठरवेल. बॅगेचं म्हणणं मी सरसकट उडवून लावणार नाही. अपघाताला एकच कारण असतं असं कुठे आहे? पण पाठीवर बॅग रोज असते, आणि तपास करायचा तो त्या दिवशी काय वेगळं होतं याचाच. पोलिसांनी तो केला, हे मला मोठं वाटतं.

पोलिसांनी स्वतःच्याच पठडीला प्रश्न विचारल्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1972-73 साली कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी 15 बीटांचे, म्हणजे गस्तीच्या विभागांचे, तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त, एकात वाढवलेली, एकात बोलावल्याशिवाय गाडी फिरवायचीच नाही. वर्षभराने पाहिलं तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गस्तीवर भिस्त असलेल्या खात्याने हा निकाल छापू दिला, हे विशेष.

आपल्या लोहमार्ग पोलिसांकडे तर कच्चा माल तयार आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या ठाण्यांत वर्षानुवर्षांचे पंचनामे आहेत आणि प्रत्येकात खांबाचा क्रमांक. ते क्रमांक एका नकाशावर मांडा, कुठल्या खांबाजवळ माणसं पुन्हा पुन्हा पडतात ते मोजा, आणि तो नकाशा प्रत्येक स्टेशनवर लावा.