कचऱ्यातील प्लास्टिकचे गलबत

केनिया देशाच्या उत्तर किनाऱ्यालगत लामू नावाचे बेट आहे. पूर्व आफ्रिका आणि भारताचा पश्चिम किनारा यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांच्या बळावर ये-जा करणाऱ्या ढाऊ जातीच्या गलबतांची परंपरा तेथे शतकानुशतके चालत आली आहे. २०१८ साली या बेटावर असेच एक गलबत पाण्यात उतरविण्यात आले. मात्र त्याचा कणा, बरगड्या आणि फळ्या लाकडाच्या नव्हत्या. किनाऱ्यावरून व गावांतून गोळा केलेले सुमारे १० टन टाकाऊ प्लास्टिक त्यासाठी उपयोगात आणले गेले, आणि बाहेरच्या अंगावर सुमारे ३०,००० जुन्या रबरी चपलांच्या तुकड्यांचे रंगीबेरंगी आवरण चढविण्यात आले. त्या चपलांवरूनच गलबताचे नाव ‘फ्लिपफ्लॉपी’ असे पडले. जानेवारी २०१९ मध्ये ते लामूहून निघाले व सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करून झांझिबारला पोहोचले.

केवळ नवलाई म्हणून या प्रयोगाकडे पाहणे योग्य होणार नाही. त्याचे प्रमुख कारागीर अली स्कांडा हे परंपरागत गलबतबांधणीतील जाणकार. गोळा झालेले प्लास्टिक निवडून, धुऊन, त्याचा चुरा करून वितळविण्यात आले व साच्यांतून त्याचे भाग पाडण्यात आले. पुढे सुताराच्या हत्यारांनीच ते तासून जोडण्यात आले. परंतु लाकडाचे सर्व गुण प्लास्टिकमध्ये नाहीत. ते अधिक लवते, उन्हाने प्रसरण पावते, आणि जाड भाग थंड होताना आक्रसून आत पोकळ्या राहण्याचा संभव असतो. यास्तव लाकडाचीच मापे डोळे मिटून वापरता येत नाहीत; पदार्थाचा स्वभाव ओळखूनच रचना करावी लागते.

अशा प्रयोगांची निकड का भासली, हे थोडक्यात असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजानुसार, २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले. ते तेथे कुजत नाही. ऊन आणि लाटा यांच्या माऱ्याने त्याचे तुकडे होत जातात व ५ मिलिमीटरहून लहान कण मासे, शिंपले यांच्या पोटात जातात. मासळीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

केरळातील कोल्लम जिल्ह्यात शक्तिकुलंगरा बंदरावर २०१७ पासून राबविण्यात आलेली योजना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जाळ्यात मासळीबरोबर येणारे प्लास्टिक पूर्वी पुन्हा समुद्रातच टाकले जाई. ट्रॉलरवरील मच्छीमारांना पिशव्या देऊन ते बंदरावर आणण्याची व्यवस्था करण्यात आली. स्त्री कामगारांनी ते धुऊन निवडावयाचे आणि त्याचा चुरा डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरावयाचा, असा हा क्रम होता.

तथापि, पुनर्वापराने समुद्र स्वच्छ होईल, अशी समजूत करून घेणे धोक्याचे ठरेल. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा उपयोगात आला होता. शिवाय दीर्घकाळ समुद्रात राहिलेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेले, मीठ व वाळू यांनी माखलेले असते. त्यापासून टिकाऊ वस्तू घडविणे कठीण जाते. नाल्यात वाहून जाण्यापूर्वी गावातच वेचलेले प्लास्टिक केव्हाही अधिक उपयोगी. गलबत असो वा बाक, तीही अखेर प्लास्टिकचीच वस्तू. ती मोडल्यावर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत किचकट काम निवडीचे असते. निरनिराळ्या जातींचे प्लास्टिक एकत्र वितळविल्यास ते एकजीव होत नाही व वस्तू तडकते. पीव्हीसी तापविल्यास विषारी वायू निघतो. म्हणून घरी किंवा शाळेत प्लास्टिक वितळविण्याचा प्रयोग मुळीच करू नये. ओळखीची पहिली पायरी मात्र वर्गात दाखविता येण्यासारखी आहे. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा व तिचे झाकण बादलीतील पाण्यात पूर्ण बुडवून सोडावे. झाकण वर येते, बाटलीचा तुकडा तळाशी राहतो. एकाच बाटलीत दोन जातींचे प्लास्टिक असते, आणि निवडताना त्यांचे दोन ढीग करावे लागतात.