एक टायर, सहा प्रती

कारणांचा विचार मांडताना ॲरिस्टॉटल कांस्याच्या पुतळ्याचं उदाहरण देतो: द्रव्य वेगळं, आकार वेगळा. हे मला नीट कळलं ते निवृत्तीनंतर, एसटी बसच्या १:२४ मॉडेलचे टायर ओतताना.

टायर हवेत सहा, पण कोरायचा एकच. त्यावर सिलिकॉन रबर ओतायचं. दुसऱ्या दिवशी साचा तयार. मग पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग, बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच, मिसळायचे आणि बारीक धारेनं सोडायचे. हाताशी काही मिनिटंच असतात. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली, तर ओलाव्यामुळे आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि टायर बुडबुड्यांनी भरतो.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडू शकतो. एकदा जडला की मग थोडीशी वाफही पुरते. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. साधा कापडी मास्क चालत नाही.

माझ्या मूळ टायरवर एक ओरखडा होता. म्हटलं, कोण बघतंय? तो सहाही टायरांवर उतरला. साचा आपलं कौशल्य उचलतो, तसा आळसही. तेव्हा घासायचं ते मूळच, आणि साचा करायच्या आधी.